वीसनखी कुत्रं आणि अंगठ्याचा प्रश्न

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. काळ्या जमिनीचा हा पट्टा कापूस, सोयाबीन, तुरीचा. पिकं उभी राहिली की रानडुकरं आणि रोही शेतात उतरतात, आणि मग आखाड्यावर जागलीला माणसाच्या जोडीला कुत्रं लागतंच. त्यामुळे इथली जाणती माणसं पिल्लू निवडताना रंगरूपावर फार वेळ घालवत नाहीत. पिल्लाला उचलायचं, मांडीवर उताणं करायचं आणि नखं मोजायची.

“वीसनखी हाय का बघा आधी,” असं म्हणणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. अठरा नखांचं कुत्रं साधं. वीस नखांचं तेज. बावीस भरली तर ते वाघाच्या वासानंही मागं सरत नाही. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

तेच पिल्लू एखाद्या शहरातल्या नातेवाइकाकडे गेलं की सल्ला उलटा मिळतो. “ही वरची नखं काढून टाका, कशात तरी अडकतात, फाटतात, पुढं त्रास होतो.” काही ठिकाणी तर पिल्लू विकण्याआधीच, डोळे उघडायच्या आत, ही नखं कापलेली असतात. गावात ज्या नखाचा मान, शहरात त्याच नखाला कात्री. घेणाऱ्याला प्रश्न पडतो की हे नख कामाचं आहे की निकामी, आणि काढायचं तर कधी?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ‘वरचं नख’ या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी बोलत असतो. पुढच्या पायाचं नख ही एक गोष्ट आणि मागच्या पायाचं ही दुसरी.

आधी मोजू या

साध्या कुत्र्याच्या मागच्या प्रत्येक पायाला चार नखं असतात, चारही जमिनीला टेकणारी. पुढच्या प्रत्येक पायाला चार टेकणारी आणि एक आतल्या बाजूला, जरा वर, जमिनीपासून सुटलेलं. म्हणजे पुढची दहा, मागची आठ, एकूण अठरा. मागच्या दोन्ही पायांना आतून एकेक जादा नख असेल तर वीस, आणि दोन-दोन असतील तर बावीस. आजोबांची मोजणी बरोबरच असते.

या वरच्या नखाला इंग्रजीत ‘ड्यूक्लॉ’ म्हणतात. ड्यू म्हणजे दव. पायाची बाकीची नखं मातीला लागतात, याला मात्र गवतावरचं दव तेवढं शिवतं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मराठीत कुणी ‘वरचं नख’ म्हणतं, कुणी ‘अंगठा’. मला ‘अंगठा’ हा शब्द जास्त पटतो, कारण पुढच्या पायापुरता तो अक्षरशः खरा आहे.

वाघाचा विषय निघालाच आहे तर सांगतो: वाघाची नखंही अठराच असतात, पुढं पाच-पाच आणि मागं चार-चार. लांडग्याचीही अठराच. वीसनखी कुत्र्यात लांडग्याचं रक्त असतं असं कुणी म्हणालं तर प्रत्यक्षात उलट आहे. इटलीतल्या काही लांडग्यांच्या मागच्या पायांना जादा नख दिसलं, तेव्हा तिथल्या संशोधकांनी त्यांची आनुवंशिक तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की जादा नख हे लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं चिन्ह आहे. मागचं पाचवं नख ही रानाची खूण नाही. ती माणसाच्या दारात वाढलेल्या जनावराची खूण आहे.

बैलाच्या खुरापासून सुरुवात

नख कुठून आलं हे कळायला पोळ्याला बैल धुताना त्याचा पाय नीट बघा. जमिनीवर दोन मोठे खूर आणि त्यांच्या मागं, जरा वर, दोन छोटे. कोरड्या रस्त्यावर हे छोटे खूर कशालाच लागत नाहीत. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात बैलाचा पाय रुतला की चिखलात चार ठसे उमटतात. मागचे दोन छोटे खूर तेव्हा टेकतात आणि पायाला आधार देतात.

केसाळ, दूध पिणाऱ्या प्राण्यांचे पाय मुळात पाच बोटांच्या एकाच साच्यातून घडलेले आहेत. आपण पाचही ठेवली. बैलानं दोन मोठी केली, दोन मागं ढकलली आणि अंगठा सोडून दिला. घोड्यानं तर मधल्या एकाच बोटावर सगळा भार घेतला. कुत्रा बोटांच्या टोकांवर चालणारा प्राणी. त्याची चार बोटं जमिनीवर राहिली आणि अंगठा वर गेला. पुढच्या पायात तो लहान झाला, पण टिकला. मागच्या पायातून तो बहुतेक कुत्र्यांत नाहीसाच झाला.

टेबलावर हात ठेवून बघा

कुत्र्याच्या पुढच्या पायात आपल्याला जो ‘गुडघा’ वाटतो तो खरं तर मनगट आहे. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तुमचा हात टेबलावर ठेवा. फक्त चार बोटं टेकवा, मनगट उंच धरा, तळहात हवेत. अंगठा कुठं गेला? बाजूला, अधांतरी. उभ्या असलेल्या कुत्र्याचा अंगठा असाच असतो. आता हातावर हळूहळू भार द्या आणि मनगट खाली येऊ द्या. ते पुरेसं खाली आलं की अंगठा आपोआप टेबलाला लागतो.

कुत्रं नुसतं चालतं तेव्हा मनगट फारसं वाकत नाही. भरधाव धावताना मात्र एक क्षण असा येतो की अंगाचा सगळा भार पुढच्या एकाच पायावर पडतो. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार तसाही पुढच्या पायांवर असतो, त्यात धावण्याचा वेग मिळतो. मनगट इतकं दबतं की जवळजवळ जमिनीला टेकतं आणि अंगठा मातीत रुततो. त्याच क्षणी रानडुकराच्या मागं कुत्र्याला वळायचं असेल तर पाय जमिनीवर रोवलेला, अंग मात्र पुढं जायला बघतं. पायाला पीळ बसतो. उतारावर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला आपण दगड लावतो, तसा हा अंगठा त्या क्षणापुरता आधार देतो.

आता तुमच्या कुत्र्याला एखादं हाडूक द्या आणि लांबून बघा. पुढचे दोन्ही पाय जवळ आणून ते हाडूक मधे धरतं, आणि दोन्हीकडून दाबायला असतात ते हे अंगठे. पाण्यातून चढणीवर येताना, उभ्या बांधावर चढतानाही ते वापरात येतात.

नुसत्या दिसण्यावरून बोलायचं नसेल तर आत काय आहे ते बघावं लागतं. पुढच्या अंगठ्याला आपल्या अंगठ्यासारखी हाडं आहेत: तळव्यातलं एक आणि बोटातली दोन. बाकीच्या बोटांत तीन-तीन असतात. म्हणजे हाडांचा हिशेबही आपल्या हातासारखाच. या हाडांना कंडरा जोडलेल्या असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. खेळ आणि कामाच्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्य क्रिस्टीन झिंक या मुद्द्यावर वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की या अंगठ्याला पाच कंडरा येऊन मिळतात, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ओढणारा स्नायू आहे याचा अर्थ तो अवयव काम करतो. अंगठा कापला की त्या दोऱ्या नुसत्या लोंबतात, त्यांचे स्नायू हळूहळू आटतात आणि पीळ सोसण्याचं काम मनगटाच्या इतर सांध्यांवर येतं.

२०१८ साली अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अडथळ्यांच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांच्या दुखापतींचा एक अभ्यास आला. डेब्रा सेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालकांकडून माहिती मागवली होती. ज्या कुत्र्यांना पुढचे अंगठे नव्हते त्यांच्यात बोटांच्या दुखापतीची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. लांब वाढलेली नखं हेही दुखापतीशी जोडलेलं कारण त्यात दिसलं, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. मालकांनी सांगितलेल्या माहितीवरचा हा अभ्यास आहे. अंगठा नसल्यामुळेच इजा झाली असं त्यातून ठामपणे सिद्ध होत नाही. पण ‘अंगठा काढला की दुखापत टळते’ या समजुतीला त्यात काहीच आधार सापडत नाही, उलटच दिसतं.

मग अंगठ्याशिवाय धावताच येत नाही का? येतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांना पुढच्या पायाचा अंगठा बाहेरून दिसत नाही, आणि लांब पल्ल्यावर सावज दमवून पाडण्यात त्यांचा हात धरणारे प्राणी थोडे. २०२० साली एका रानकुत्र्याच्या पायाची चिरफाड करून पाहिलं तेव्हा कातडीखाली अंगठ्याचा छोटासा अवशेष मिळाला. त्या प्राण्याचा पाय लाखो वर्षांत तसा घडत आला. आपल्या आखाड्यावरच्या कुत्र्याचा पाय अंगठा धरून घडलेला आहे. घडलेल्या घरातला खांब काढणं आणि मुळातच खांबाशिवाय घर बांधणं यात फरक आहे.

मागचं नख: दोन दिव्यांची गोष्ट

मागच्या पायाचं प्रकरण निराळं आहे. तिथं अंगठा टिकलेला नाही, तो परत उगवलेला आहे.

आईच्या पोटात पिल्लाचा पाय आधी वल्ह्यासारखा चपटा कोंब असतो. त्याच्या एका कडेला, करंगळीच्या बाजूला, पेशींचा एक पुंजका असतो. तो एक रसायन सोडतो. अंधाऱ्या खोलीत एका भिंतीला दिवा लावला की जवळ लख्ख उजेड आणि लांब अंधूक, तसं हे रसायन करंगळीकडे दाट आणि अंगठ्याकडे विरळ पसरतं. जिथं जितका ‘उजेड’, तिथं त्या प्रकारचं बोट. आता समजा चुकून समोरच्या भिंतीलाही एक छोटा दिवा लागला. तिथल्या पेशींना वाटतं, इथंही बोट करायचंय. जादा बोट येतं ते असं.

हा दुसरा दिवा का लागतो? रसायन बनवणारं जनुक नीटच असतं, बिघाड असतो तो त्याच्या बटनात. आपल्याकडे मोटार विहिरीवर आणि स्टार्टर लांब खोलीत असतो, तसं या जनुकाचं बटनही त्याच्यापासून खूप दूर, चक्क दुसऱ्या एका जनुकाच्या आत दडलेलं आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की मागच्या पायाला जादा नख असलेल्या कुत्र्यांत याच बटनाच्या जागी डीएनएच्या एका अक्षराचा बदल असतो, आणि तो एकदाच नाही, वेगवेगळ्या जातींत स्वतंत्रपणे झालेला आहे. अमेरिकेत की वेस्ट इथल्या अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या घरातल्या सहा बोटांच्या मांजरी जगप्रसिद्ध आहेत. त्यांच्यातही बिघाड याच बटनाचा आहे.

स्पेनचे जीवशास्त्रज्ञ पेर अल्बर्च यांनी १९८५ मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. सेंट बर्नार्डसारख्या थोराड जातींत मागचं जादा बोट वारंवार दिसतं, लहान जातींत क्वचित. त्यांचा खुलासा असा की पायाचा कोंब मोठा, पेशी जास्त, म्हणून एक बोट बसायला जागा होते. मला वाटतं, आपल्या आजोबांच्या वीसनखी हिशेबाचं मूळ इथंच कुठंतरी असावं. थोराड हाडाच्या कुत्र्यांत हे नख जास्त दिसलं असेल, तीच कुत्री राखणीला दणकट ठरली असतील, आणि अंगाचं श्रेय नखाला गेलं असेल. हा माझा अंदाज आहे. मात्र नखामुळे कुत्रं तेज होतं याला शरीररचनेत काही आधार नाही.

उगवलेलं हे बोट कसं असेल याचा नेम नसतो. फ्रान्सच्या मेंढपाळी ब्रियार्ड आणि बोसरॉन जातींत मागं दोन-दोन अंगठे असणं हा जातीचा नियमच आहे. नॉर्वेच्या लुंडेहुंड जातीला तर प्रत्येक पायाला सहा बोटं, आणि समुद्राकाठच्या कड्यांवर पक्षी पकडायला चढताना त्या बोटांचा उपयोग होतो. आपल्या गावठी कुत्र्यांत मात्र मागचं नख बऱ्याचदा हाडाशी जोडलेलंच नसतं. कातडीच्या पिशवीत नख बसवून ते पायाला टाचावं तसं ते लोंबत असतं. ना स्नायू, ना कंडरा. ओढलं तर हलतं, सोडलं तर पुन्हा लोंबतं.

कापसाच्या रानात हे लोंबतं नख धोक्याचं ठरतं. वेचणी झाल्यावर उभ्या असलेल्या पऱ्हाट्या, बाभळीच्या काट्यांचं कुंपण, तारेची जाळी. कुत्रं जोरात निघतं, नख अडकतं आणि मुळापासून फाटतं.

चौकट: बोटांनी चाचपून बघा

पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की शांत वेळी हे करा. आधी सवयीसाठी दोन दिवस नुसते पाय हाताळा.

पुढच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हळूच पुढं-मागं हलवा. मुळाशी हाड लागतं, सांधा लागतो, पिल्लू स्वतःही ते बोट आखडतं. हे ठेवायचं.

मागच्या पायाचं नख तसंच धरा. पायाच्या हाडापर्यंत सलग कडक लागलं आणि नख घट्ट बसलेलं असेल तर ठेवा, फक्त कापत राहा. मधे नुसती कातडी लागली आणि नख सगळ्या बाजूंना फिरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शंका असेल तर एक्स-रेमध्ये हाड आहे की नाही ते स्पष्ट दिसतं.

नखाचं टोक गोल फिरून पंजाच्या गादीकडे वळलंय का ते प्रत्येक वेळी बघा.

खरा शत्रू: न झिजणारं नख

आमच्या घरी एक काळी कुत्री होती. एका पावसाळ्यात ती पुढचा उजवा पाय उचलून धरू लागली. बाभळीचा काटा मोडला असेल म्हणून आम्ही पंजाची गादी चार वेळा तपासली. काही मिळेना. आठवडा गेला आणि पायाला वास येऊ लागला तेव्हा केस बाजूला करून बघितलं. अंगठ्याचं नख विळ्यासारखं पुरतं गोल फिरलं होतं आणि त्याचं टोक कातडीत शिरलं होतं. नख कापायला दोन मिनिटं लागली, जखम भरायला तीन आठवडे. चूक आमची होती. त्या नखाकडे वर्षभर कुणी बघितलं नव्हतं.

यामागचं कारण सरळ आहे. चार नखं रोज जमिनीला घासतात आणि आपोआप झिजतात, वखराची फास झिजते तशी. अंगठा चालताना टेकत नाही, म्हणून झिजत नाही. आणि नख सरळ वाढत नाही, ते वळत वाढतं. अंगठ्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी, अडकणं, तुटणं, मांसात शिरणं, या लांबलेल्या नखाच्या तक्रारी आहेत. त्यावर बोट कापणं हा उपाय म्हणजे केस वाढले म्हणून डोकं उतरवण्यासारखं आहे.

नख कापायला कुत्र्याचं नखकटर मिळतं, नसेल तर बारीक कानशीनं घासलं तरी चालतं. माणसाचं नेलकटर शक्यतो वापरू नका, ते गोल नखाला दोन्हीकडून दाबून चिरतं. नखाच्या आत एक जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसत नाही, तेव्हा थोडं थोडं कापत जायचं, आणि कापलेल्या तोंडावर मधोमध ओलसर काळा ठिपका दिसला की थांबायचं. चुकून रक्त आलंच तर घाबरू नका. दाढी करताना कापलं की न्हावी जी तुरटी लावतो तीच बारीक करून दाबून धरा. तीन-चार आठवड्यांतून एकदा एवढं केलं की पुरतं. नखाला नियमित कापत राहिलं की आतला जिवंत भागही हळूहळू मागं सरतो.

डोळे न उघडलेल्या पिल्लाचं काय?

पैदास करणारे वरची नखं काढण्याचं काम पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना करतात. कारण असं दिलं जातं की तेव्हा हाडं मऊ असतात, रक्त कमी येतं आणि पिल्लाला फारसं कळत नाही. पहिल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. तिसऱ्यात नाही. वेदना पोचवणाऱ्या नसा जन्मतःच काम करत असतात. वेदना थोपवणारी शरीराची व्यवस्था मात्र तेव्हा अजून कच्ची असते. म्हणजे नवजात पिल्लाला कमी नाही, कदाचित जास्तच दुखतं. ते ओरडून सांगू शकत नाही एवढंच.

शिवाय त्या वयात मागच्या नखाला हाड आहे की नाही हे चाचपून कळत नाही. मग जे सगळ्यांत सोपं तेच होतं, सरसकट सगळी काढली जातात, पुढचे कामाचे अंगठेसुद्धा.

कायद्याच्या बाजूनंही बघावं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. त्यातून काही कामांना सूट दिलेली आहे: शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं. कुत्र्याच्या बोटाचा उल्लेख त्या यादीत नाही. आणि १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. ब्रिटनमध्ये डोळे उघडण्याआधी पिल्लाचं हे नख काढायला अजून कायद्यानं मोकळीक आहे, तर युरोपातल्या देशांनी १९८७ मध्ये केलेल्या पाळीव प्राण्यांच्या करारात शेपूट छाटणं, कान कापणं अशा, उपचारासाठी नसलेल्या शस्त्रक्रियांना मनाई आहे. जगात यावर एकमत नाही. माझं मत पक्कं आहे: निरोगी पुढचा अंगठा कोणत्याही वयात काढू नये.

मग काढायचं कधी?

मागचं लोंबतं नख, ज्याला हाडाचा आधार नाही, ते काढणं शहाणपणाचं आहे, विशेषतः कुत्रं रानात धावणारं असेल तर. पण घाई नको. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी करायची असेल तर त्याच भुलीत हेही काम होतं. दोनदा भूल द्यावी लागत नाही.

पुढचा अंगठा काढायची वेळ क्वचित येते. तो मुळापासून फाटला, सांधा उघडा पडला, हाडापर्यंत संसर्ग गेला किंवा तिथं गाठ आली, तर डॉक्टर सांगतील आणि तेव्हा काढावा. नुसतं नख तुटलं असेल तर बहुतेक वेळा तुटका भाग काढून मलमपट्टी केली की ते पुन्हा येतं. एकदा तुटलं म्हणून बोट काढायची गरज नसते.

मोठ्या कुत्र्यावरची ही शस्त्रक्रिया लहान दिसली तरी ती बोट कापण्याचीच आहे. पूर्ण भूल लागते, सांध्यापासून बोट सोडवावं लागतं, रक्तवाहिनी बांधावी लागते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तेवढे दिवस पट्टी कोरडी राहिली पाहिजे आणि कुत्र्यानं ती चाटता कामा नये. त्यासाठी गळ्यात नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा घालतात. आखाड्यावरच्या कुत्र्याला दोन आठवडे घराच्या ओसरीत ठेवणं जमणार असेल तरच तारीख ठरवा, आणि शक्यतो पावसाळा टाळा. ओल्या दिवसांत उघड्या जखमेवर माशी बसते आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

अळ्या पडल्या की त्यावर पेट्रोल, रॉकेल किंवा फिनाईल ओतण्याची पद्धत अजून दिसते. अळ्यांबरोबर निरोगी मांसही त्यानं जळतं आणि कुत्रं ते चाटून आजारी पडतं. तसंच आपल्या घरातली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणखी एक: दुखणारा पाय हाताळताना घरचं, मायेचं कुत्रंही चावू शकतं. मऊ कापडाची पट्टी त्याच्या तोंडाभोवती निसटणार नाही पण श्वास घेता येईल अशी बांधून मगच हात लावा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

झरीकरांना यासाठी फार लांब जावं लागत नाही. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं. तिथं जनावरांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. बैलाच्या, म्हशीच्या दुखण्याला आपण तिथं जातो. कुत्र्याच्या पायालाही नेता येतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा पिल्लू आणताना नखं जरूर मोजा. आजोबांची ती सवय मोडू नका, तिला एक जोड द्या. वीस भरली तर मागच्या दोन्ही नखांच्या मुळाशी हाड लागतं का ते बोटांनी चाचपा, आणि पुढच्या दोन अंगठ्यांना कुणी कात्री लावणार असेल तर नको म्हणून सांगा. आज संध्याकाळी कुत्रं भाकरीला जवळ येईल तेव्हा त्याचा पुढचा पाय हातात घ्या, केस बाजूला करा आणि ते नख किती वाढलंय ते बघा.